भोके मोजण्याची नोकरी

दिवाळी अंकांचे संपादक ही मोठी चतुर मंडळी असतात. आषाढातला पाऊस अजून धड ओसरलेला नसतो, तोच त्यांचा निरोप येतो : "नेहमीचे सदर हवेच, पण अंक दिवाळीचा आहे, तेव्हा दिव्यांवर काहीतरी येऊ द्या." आता मराठीच्या प्राध्यापकाने दिव्यांवर लिहून लिहून लिहावे तरी किती? पणती झाली, समई झाली, आकाशकंदील तर दोनदा झाला. एका वर्षी ऐन लक्ष्मीपूजनाला गेलेल्या विजेवरही मी पाच पाने खरडली. यंदा हात टेकणार होतो. पण गेल्या दिवाळीत आमच्या भाचीने सांगितलेले दिवे आठवले आणि होकार कळवून टाकला. हे दिवे तांदळाच्या दाण्याएवढे असतात, बहुधा हिरवे असतात, आणि दिवाळी असो वा शिमगा, रात्रंदिवस लुकलुकत असतात.

भाची म्हणजे आमच्या ताईची मुलगी. साताऱ्याची. इंजिनियर झाली, महापेला नोकरी लागली आणि ठाण्याला आमच्याकडे राहायला आली. "काय करते हो तुमची भाची?" असे शेजारच्या वहिनींनी विचारले की आमच्या घरातून "कॉम्प्युटरमध्ये आहे," असे ठोकळेबाज उत्तर जाई. एकदा मीच तिला नेमके काय करतेस म्हणून विचारले. ती चहात बिस्कीट बुडवीत शांतपणे म्हणाली, "मामा, मी भोकं मोजते."

मला वाटले, पोरगी थट्टा करते आहे. ती थट्टा नव्हती.

ठाणे-बेलापूर रस्ता म्हटले की आमच्या पिढीच्या नाकात अजून रसायनांचा वास येतो. त्याच पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महापे भागात, आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. समुद्राच्या तळाने येणाऱ्या तारा मुंबईला किनाऱ्याला लागतात, त्यामुळे ही डेटा सेंटरे मुंबईच्या आसपास जमली. आपले बँकेचे खाते, नातवाचे फोटो, परीक्षेचे गुण, हे सगळे "वर ढगात" असते अशी आपली समजूत. प्रत्यक्षात ते महापेच्या एखाद्या थंडगार दालनात लोखंडी कपाटात असते. कपाटाची उंची ठरलेली, बहुधा ४२ घरांची, एकेक घर पावणेदोन इंचांचे. त्या घरांत यंत्रे सरकवलेली. आणि वरच्या एखाद्या घरात एक चपटा डबा. याचे नाव स्विच. त्याच्या तोंडावर भोके असतात, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस. तिच्या भाषेत पोर्ट. प्रत्येक यंत्राची तार यातल्या एकेका भोकात येते आणि कुणाचे पत्र कुणाकडे धाडायचे ते हा डबा ठरवतो. भोक मिळाले नाही तर लाखो रुपयांचे यंत्रही त्या कपाटात मुके बसून राहते. म्हणून नवा गिऱ्हाईक आला की पहिला प्रश्न एकच, आणि तो मुंबईला काही नवा नाही : जागा आहे का?

मी एकदा ते दालन पाहायला गेलो होतो. फाटकावरच्या रखवालदाराने माझे ओळखपत्र उलटेसुलटे पाहिले, अदबीने नमस्कार केला आणि तितक्याच अदबीने परत पाठवले. तेव्हा मी पाहिले ते एवढेच. बाकीचे सगळे मला दाखवले ते रांगोळीने.

धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. आमच्या सौ.ने दारात गेरू सारवून ठेवला होता आणि ठिपक्यांचा कागद भाचीच्या हाती दिला होता. अर्ध्या तासाने पाहतो तो गेरूवर चोवीस-चोवीस ठिपक्यांच्या दोन ओळी, आणि ती पुढ्यात मोबाइल धरून त्या ठिपक्यांवर हिरवा, पांढरा, पिवळा रंग टाकते आहे. आमची सौ. बाहेर आली आणि थबकली.

"ही गं कसली रांगोळी? ना कमळ, ना कासव!"

"मामी, हा आमच्या तिसऱ्या कपाटातला स्विच आहे. दिवाळी झाली की याचा हिशेब द्यायचाय. किती भरलेले, किती रिकामे."

"मग मोजायचं. त्यात काय एवढं?" मी म्हणालो. वर्गात बाके मोजण्याचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे.

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की "ऱ्हस्व-दीर्घाने काय फरक पडतो?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे मी पाहतो त्याची आठवण झाली. आणि मग बोटाला लागलेला रंग फ्रॉकला पुसायच्या जुन्या सवयीने ओढणीला पुसत तिने मला शिकवणी दिली.

पहिला साक्षीदार रजिस्टर. कोणते भोक कुणाला दिले याची वही असते. आता ती कॉम्प्युटरवर असते एवढेच. वही म्हणत होती, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस भरलेली. पण वहीत नाव चढवायला जितके लोक धावतात तितके नाव उतरवायला धावत नाहीत. गिऱ्हाईक जातो, यंत्र उचलले जाते, नाव राहते. शिवाय वहीत जागोजागी एक शब्द असतो : "तात्पुरते". एका भोकापुढे तो सहा वर्षांपूर्वी लिहिलेला होता. या शब्दाविषयी मला कुणी काही सांगायला नको. मी स्वतः तासिका तत्त्वावर नऊ वर्षे तात्पुरता होतो.

दुसरा साक्षीदार दिवा. अठ्ठेचाळीसपैकी एकेचाळीस दिवे लागलेले, सात विझलेले. मी लगेच म्हणालो, "म्हणजे सात रिकामे!" तर नाही. दिवा फक्त एवढेच सांगतो, की तार दोन्ही टोकांना नीट बसली आहे आणि पलीकडे कुणीतरी वीज घेऊन बसले आहे. यंत्र बंद केले तरी त्याचे तारेचे कार्ड पुष्कळदा जागे राहते, का तर दुरून हाक मारून यंत्र उठवता यावे म्हणून. दिवा तेवतोच आहे, घरात माणूस नाही. उलट विझलेल्या भोकाचा मालक कदाचित पुढच्या सोमवारी यंत्र घेऊन येणार असेल. भाडे तो आजपासून भरतो आहे. भोकाच्या दोन अवस्था स्विच वेगवेगळ्या सांगतो असे ती म्हणाली : एक, वरून परवानगी आहे की नाही, आणि दुसरी, प्रत्यक्षात चालते की नाही. "प्रशासकीयदृष्ट्या चालू, प्रत्यक्षात बंद" अशी नोंद तिने वाचून दाखवली तेव्हा मला आमच्या कॉलेजातल्या पाण्याच्या थंडयंत्राची आठवण झाली.

तिसरा साक्षीदार आकडा. प्रत्येक भोकापाशी विजेच्या मीटरसारखी दोन मोजणी चालू असतात, आत किती आले आणि बाहेर किती गेले. बाहेर गेलेल्या आकड्यावर भुलायचे नाही; कारण "अमुक तमुक कुठे आहे हो?" अशी दवंडी नेटवर्कात सतत पिटली जात असते आणि स्विच ती रिकाम्या घराच्या दारातही पिटतो. पाहायचे ते पलीकडून काही आले का. पण मीटरलाही मर्यादा. जुन्या पद्धतीचे मीटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाते आणि पुन्हा शून्यावर येते. आकडा डोळे दिपवणारा वाटतो खरा; पण सेकंदाला एक गिगाबिट वेगाने तार भरभरून वाहू लागली तर हे मीटर अवघ्या चौतीस सेकंदांत एक फेरी पुरी करते. तुम्ही दर पाच मिनिटांनी वाचायला गेलात तर मधल्या आठ फेऱ्या कुणी मोजायच्या? म्हणून पुढे दुप्पट लांबीचे मीटर आले. त्याला त्याच वेगाने एक फेरी करायला साडेचार हजारांहून अधिक वर्षे लागतील, तेव्हा ती काळजी मिटली.

"आणि मामा," ती म्हणाली, "इथं लिहिलंय, या भोकातून आत कधीच काही आलं नाही. कधीच नाही म्हणजे केव्हापासून?"

"जन्मापासून."

"नाही. स्विच शेवटचा सुरू झाल्यापासून. तो परवा बंद पडून पुन्हा लागला असेल, तर 'कधीच नाही' म्हणजे दोन दिवस."

हे वाक्य मी माझ्या टिपणवहीत लिहून ठेवले आहे. "आजवर असे कधीच झाले नाही," असे म्हणणारे पुष्कळ लोक मला भेटतात. त्यांना आता मी मनातल्या मनात विचारतो, आपण शेवटचे केव्हा सुरू झालात?

या धंद्याचे कूळ जुने आहे, हे मला नंतर वाचनात सापडले. १८८२ च्या जानेवारीत मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. त्या काळच्या एक्स्चेंजांत ओळीने भोके असलेल्या फळ्या असत आणि कानाला यंत्र लावलेली माणसे त्यांत प्लग खुपसून एकाचे बोलणे दुसऱ्याला जोडून देत. मोठ्या फळीवर हवी ती तार आधीच गुंतली आहे की काय, हे कळायला प्लगाचे टोक भोकाच्या कडेला नुसते टेकवायचे. कानात 'टक्' झाले तर तार गुंतलेली. आणि दिवसात किती कॉल झाले ते मोजायचे कसे? तर फळीवरच्या लहान लहान छिद्रांतून एक खुंटी पुढे पुढे सरकवायची. म्हणजे भोके मोजण्यासाठी पुन्हा भोकेच!

त्या हिशेबाला शास्त्राचे रूप दिले ते डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग या गणितज्ञाने. हा गृहस्थ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. फोन कुणाला केव्हा येईल ते सांगता येत नाही. पण हजारो अवचित फोन एकत्र घेतले तर त्या अवचितपणालाही शिस्त असते, हे त्याने १९०९ साली दाखवले. १९१७ मध्ये त्याने सूत्रे मांडली, की इतके लोक इतका वेळ बोलतात, तर किती तारा ठेवल्या म्हणजे किती जणांना "लाइन व्यस्त आहे" ऐकावे लागेल. तो १९२९ साली वारला. १९४६ पासून टेलिफोनच्या वाहतुकीचे माप त्याच्या नावाने ओळखले जाते. प्रत्येकाला एकेक स्वतंत्र तार द्यायला कुणाजवळच पैसा नसतो, आणि तारा कमी पडल्या तर शिव्या बसतात. या दोहोंच्या मधली जागा शोधणे हाच त्याचा उद्योग होता. भाचीचाही तोच.

पण तिचे प्रकरण निव्वळ गणिताचे राहिलेले नव्हते, हे मला त्या संध्याकाळी प्रथम कळले. सोळा ठिपक्यांवर तिने पिवळा रंग टाकला होता. सात विझलेले आणि नऊ दिवा लागलेले पण मुके. मी विचारले, "पिवळे म्हणजे काय?" तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

झाले होते ते असे. त्याच वर्षी आषाढात तिने दुसऱ्या एका कपाटाची अशीच मोजणी केली होती. बारा भोके महिनाभर मुकी निघाली. अशा वेळी तार एकदम उपटायची नसते. आधी स्विचला हुकूम देऊन भोक बंद करायचे आणि कुणी ओरडते का याची वाट पाहायची. या पद्धतीला तिच्या कचेरीत सगळे ओरड-परीक्षा म्हणतात. तिने दोन आठवडे वाट पाहिली. कुणी ओरडले नाही. मग तारा निघाल्या, भोके नव्या गिऱ्हाइकाला मिळाली, नव्या स्विचचा खर्च वाचला आणि साहेबांनी तिची पाठ थोपटली.

त्या बारांपैकी एक तार एका रुग्णालयाच्या यंत्राची होती. महत्त्वाच्या यंत्राला दोन तारा असतात, दोन वेगळ्या स्विचांना जोडलेल्या. एक बोलते, दुसरी गप्प बसते. पहिली तुटली तरच दुसरीने तोंड उघडायचे. गप्प बसणे हेच तिचे काम. श्रावणात एका रात्री पहिल्या तारेचा स्विच बंद पडला. दुसरी तार जागेवर नव्हती. त्रेचाळीस मिनिटे त्या रुग्णालयाच्या पडद्यांवर रक्ताचे, क्ष-किरणांचे अहवाल उमटले नाहीत. रात्रपाळीची पोरे चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत राहिली. कुणाच्या जिवावर बेतले नाही. हे तिने स्वतः फोन करून, दोनदा विचारून घेतले होते. कचेरीत कुणी तिला बोल लावला नाही. वहीत त्या भोकापुढे "तात्पुरते" एवढेच लिहिले होते, चूक वहीची ठरली. पण बारा नावांखाली सही तिची होती.

"आता मला कुठलंच भोक रिकामं म्हणवत नाही, मामा," ती म्हणाली. "सगळी भरलेली आहेत असं लिहून देते आणि मोकळी होते."

मी विचारले, की मग बिघडले कुठे? नवा डबा घ्यावा. तेव्हा तिने जे सांगितले त्यावरून मला कळले, की या धंद्यात सावधपणाही फुकट मिळत नाही. नवा स्विच म्हणजे नुसता डब्याचा पैसा नव्हे. त्याला कपाटात घर हवे, वीज हवी, ती वीज उष्णता होऊन बाहेर पडते ती काढायला थंडावा हवा. आणि दालनाची वीज ठरलेली असते. पुन्हा मागितले आणि मिळाले असेही नाही. २०२१-२२ च्या चिपटंचाईत अशा यंत्रांची लोकांनी कित्येक महिने वाट पाहिली. आणि भोके वाढवली तरी डब्यातून बाहेर पडणारा रस्ता तेवढाच. अठ्ठेचाळीस भोके सेकंदाला दहा गिगाबिटांची, म्हणजे आत चारशे ऐंशी. आणि बाहेर जाणाऱ्या चार मोठ्या तारा चाळीस-चाळीसच्या, म्हणजे एकशे साठ. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांची चाळ आणि जिना एकच! सगळी एकदम उतरत नाहीत म्हणून चालते. उतरतात की नाही ते पाहायला सरासरी कामाची नाही. ठाणे लोकलची चोवीस तासांची सरासरी काढली तर प्रत्येकाला खिडकीची जागा मिळेल; सकाळी आठ-बावन्नला फलाटावर उभे राहून ती सरासरी ज्याने त्याने आठवावी.

एव्हाना आमची सौ. फराळाची ताटली घेऊन पायरीवर येऊन बसली होती. तिने सगळे ऐकले होते. स्विच-बिच तिला किती कळले कोण जाणे, पण ती आत बोट दाखवीत म्हणाली, "आपला तो फोन नाही का?"

आमच्या दिवाणखान्यात तारेचा जुना फोन आहे. महिनोन् महिने तो वाजत नाही. बिल मात्र दर महिन्याला येते आणि दर महिन्याला मी म्हणतो, की हा आता काढून टाकू. तो निघत नाही याचे कारण आमची आत्या. ती देवरूखला असते, नव्वदीच्या घरात आहे, मोबाइलचा दहा आकडी नंबर तिच्या लक्षात राहत नाही. हा एक नंबर तिला तोंडपाठ आहे. ती वर्षातून एकदा फोन करते, भाऊबीजेला, माझे वडील होते तेव्हाची सवय म्हणून. भाचीच्या मीटरने पाहिले तर तीनशे चौसष्ट दिवस हे भोक मुके आहे.

"पण मामी, हे तुला माहितीय. मीटरला कुठं माहिती असतं?"

"मग ज्याला माहिती आहे त्याला विचार की," सौ. म्हणाली आणि चकलीची ताटली पुढे सरकवली.

वास्तविक यात नवे काही नव्हते. पण भाची उठली, हात धुतले आणि आत जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून तिने एक जुना, सरळ आणि कंटाळवाणा उद्योग आरंभला. पिवळ्या सोळा भोकांच्या मालकांना एकेक करून फोन. दिवाळीचे दिवस, कुणी गावाला गेलेला, कुणी उचलेना, कुणी "आता कशाला, सुटीनंतर बघू," म्हणून ठेवून दिला. तिने पुन्हा केले. शेजारच्या खोलीत पेपर तपासताना ते अर्धे संभाषण मला ऐकू येत होते : "नमस्कार, त्रास देते, तुमच्या एका तारेबद्दल विचारायचं होतं... नाही, बिलाबद्दल नाही." प्रत्येक उत्तर ती लिहून घेत होती, कुणी सांगितले, कोणत्या तारखेला, आणि पुन्हा केव्हा विचारायचे. वहीत पूर्वी हे रकाने नव्हतेच.

सहा भोके खरोखरच मोकळी निघाली. मालकांनी आनंदाने सोडली. पाच मुक्या तारा राखीव होत्या, श्रावणातल्यासारख्याच. त्यांपुढे तिने जोडीच्या तारेचा क्रमांक लिहिला. तीन यंत्रे महिन्याअखेरीस पगाराचे हिशेब पाठवण्यापुरती जागी होत. महिन्याच्या मध्यावर मोजले तर ती कायमची झोपलेली दिसावीत. एक दिवा अशा यंत्राचा निघाला, की ज्याच्या मालकाने दोन वर्षांपूर्वीच ते बंद केले होते आणि विसरून गेला होता. सात झाली. नव्या गिऱ्हाइकाला दहा हवी होती. म्हणजे नवा स्विच मागवावा लागणारच होता. पण एक, आणि कशासाठी ते कागदावर दाखवून.

भाऊबीजेच्या सकाळी रांगोळी पुसट झाली होती. दूधवाल्याचा पाय दुसऱ्या ओळीवर पडून पाच-सहा ठिपके एकमेकांत मिसळले होते. अकराच्या सुमारास दिवाणखान्यातला फोन वाजला. नेहमीप्रमाणे आत्याने आधी माझ्या वडिलांची चौकशी केली, मग स्वतःशीच "हो, हो, विसरलेच," म्हणाली आणि मग मला आशीर्वाद दिला. मी परत आलो तेव्हा भाची जेवणाच्या टेबलाशी यादी पुढे घेऊन बसली होती.

"झालं?"

"पंधरा झाली. हे सोळावं." तिने बोट ठेवले. दिवा लागलेला. आत काही येत नाही. वहीत ज्या कंपनीचे नाव ती चार वर्षांपूर्वी बुडालेली. तार कपाटाच्या मागून निघून फरशीखाली जाते आणि तिथल्या जुडग्यात नाहीशी होते. कचेरीतल्या कुणालाही ती कुणाची ते सांगता आलेले नव्हते; एक जुने गृहस्थ होते त्यांना आठवत असावे, पण ते आता नोकरीत नाहीत आणि त्यांचा नंबर लागत नाही.

"मग ते रिकाम्यात धरणार की भरलेल्यात?"

ती थोडा वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिने त्या ओळीपुढे तारीख घातली, मालकाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले आणि ताटलीतला शेवटचा अनारसा उचलला.